व्यक्तिपूजेचा उन्माद : कादंबरीतला आणि जीवनातला



दि. ४ जून २०२५ रोजी बंगळुरूच्या चिन्नास्वामी मैदानाबाहेर अकरा जण चेंगराचेंगरीत मृत्युमुखी पडले. आदल्या दिवशी अहमदाबादेत त्या शहराच्या संघाने अठरा वर्षांच्या प्रतीक्षेनंतर आयपीएलचा चषक जिंकला होता आणि विजयी वीरांना डोळे भरून पाहण्यासाठी हा जनसागर लोटला होता. त्याच्या सहा महिने आधी, ४ डिसेंबर २०२४ रोजी, हैदराबादच्या एका चित्रपटगृहात नायक येणार म्हणून उसळलेल्या गर्दीत एका मातेचा बळी गेला. पुढे २७ सप्टेंबर २०२५ रोजी तामिळनाडूतील करूर येथे, चित्रपटातून राजकारणात आलेल्या एका लोकप्रिय नटाच्या सभेत ४१ जणांनी प्राण गमावले. मृतांत लहान मुलेही होती.

व्यवस्थेतील त्रुटी, पोलिसांचे नियोजन, आयोजकांचा हलगर्जीपणा यांची चौकशी होत राहील आणि ती व्हायलाच हवी. परंतु त्यापलीकडे एक प्रश्न उरतोच. तान्ह्या लेकराला कडेवर घेऊन तासन् तास उन्हात उभी राहणारी ती माता नेमके काय पाहण्यासाठी आली होती? पडद्यावर ज्याला शेकडो वेळा पाहिले, त्याला आणखी एक क्षण, दुरून, गाडीच्या टपावर पाहण्यात असे काय होते? या पाहण्याला लोकभाषेत 'दर्शन' म्हणतात. हा शब्द देवळातून रस्त्यावर आला आहे. त्याच्यासोबत देवळातील शिस्त मात्र आलेली नाही. आजच्या विवेचनाचा विषय हाच आहे.

शब्दांची साक्ष

शब्द कधीकधी माणसांपेक्षा प्रामाणिक असतात. 'फॅन' हा आता मराठीच झालेला शब्द 'फॅनॅटिक' या शब्दाचे संक्षिप्त रूप मानला जातो. त्याच्या मुळाशी लॅटिनमधील 'फानुम' म्हणजे देवालय हा शब्द आहे. देवालयात अंगात आल्यासारखा वागणारा तो 'फॅनॅटिक'. 'आयडॉल' हा शब्द ग्रीक 'एइडोलॉन'वरून आला. त्याचा अर्थ प्रतिमा असा आहे, तसाच छाया, भास, पाण्यातले प्रतिबिंब असाही आहे. दूरचित्रवाणीवर २००४ साली 'इंडियन आयडॉल' सुरू झाले तेव्हा हा शब्द घराघरांत पोहोचला, परंतु त्यातली छाया कुणाच्या ध्यानात आली नाही.

आपल्याकडील 'मूर्ती' या शब्दाला वेगळा संस्कार आहे. भाद्रपदात घरी आणलेली गणेशमूर्ती मातीची आहे, हे घरातील लहान मूलही जाणते. पूजेचा प्रारंभ आवाहनाने होतो आणि शेवट विसर्जनाने. ज्या हातांनी मूर्ती चौरंगावर ठेवली, त्याच हातांनी ती पाण्यात सोडायची असते. मूर्ती हे चित्त एकाग्र करण्याचे साधन आहे, साध्य तिच्या पलीकडे आहे, ही जाणीव त्या विधीतच गुंफलेली आहे. जिवंत माणसाची मूर्ती केली की मात्र अडचण उभी राहते. त्याचे आवाहन होते. विसर्जन कसे करायचे, याचा विधी कुणालाच ठाऊक नसतो.

या अडचणीचा वेध श्रेष्ठ कादंबरीकारांनी, सिनेमा आणि दूरचित्रवाणी यांचा जन्मही झाला नव्हता तेव्हापासून घेतला आहे. त्यांपैकी चार कलाकृती येथे विचारात घेऊ.

न पाहिलेली देवता

स्पेनच्या सर्वांतेसची 'डॉन क्विक्झोट' ही कादंबरी १६०५ आणि १६१५ अशा दोन भागांत प्रसिद्ध झाली. एक मध्यमवयीन गृहस्थ वीरपुरुषांच्या कथा वाचवाचून भ्रमिष्ट होतो, गंजलेले चिलखत चढवतो आणि पराक्रमाला बाहेर पडतो. वीराला एक आराध्य स्त्री हवी. म्हणून शेजारच्या गावातील एका शेतकरी मुलीला तो मनोमन 'डल्सिनिया' असे राजस नाव देतो. तिला या गोष्टीचा पत्ताही नसतो. तिच्या सौंदर्याचा अव्हेर करणाऱ्याशी हा मात्र द्वंद्व करायला सज्ज!

पुढे त्याचा सेवक सँको एका गाढवावरून येणाऱ्या साध्या खेडवळ मुलीकडे बोट दाखवून 'हीच ती' असे सांगतो. क्विक्झोटला समोर दिसते ते सामान्य रूप. तेव्हा आपली कल्पना चुकली असे त्याला वाटत नाही. कुणा दुष्ट मांत्रिकाने तिच्यावर चेटूक केले, असा निष्कर्ष तो काढतो. उन्मादाचे हे लक्षण आजही जसेच्या तसे आढळते. आपल्या लाडक्या नटाचा वा खेळाडूचा दोष पुराव्यानिशी समोर आला की चाहत्याला प्रथम 'कट' दिसतो. मूर्ती भंगू नये म्हणून तो वास्तवालाच खोटे ठरवतो.

या कादंबरीच्या दुसऱ्या भागात आणखी एक मार्मिक गोष्ट आहे. तोवर पहिला भाग छापून लोकांनी वाचलेला असतो. क्विक्झोट प्रसिद्ध झालेला असतो. एक सरदार आणि त्याची पत्नी त्याला वाड्यावर बोलावतात, मोठा सन्मान करतात आणि त्याच्या वेडाची मनसोक्त करमणूक करून घेतात. प्रसिद्धी आणि चेष्टा यांतील अंतर किती थोडे असते, हे सर्वांतेसने चारशे वर्षांपूर्वी दाखवून दिले.

भूमिकेवर प्रेम, माणसावर नाही

ऑस्कर वाइल्डची 'द पिक्चर ऑफ डोरियन ग्रे' १८९० साली प्रथम नियतकालिकात आणि १८९१ मध्ये ग्रंथरूपाने आली. तिचा देखणा नायक लंडनच्या एका हलक्या नाट्यगृहात सिबिल व्हेन नावाची तरुण नटी पाहतो. ती रोज शेक्सपिअरची वेगवेगळी नायिका होते आणि तो रोज नव्याने तिच्या प्रेमात पडतो. तिला विवाहाचे वचन देतो. ज्या दिवशी तिला खरे प्रेम गवसते, त्या दिवशी तिला रंगमंचावरचे खोटे प्रेम रंगवता येईनासे होते. अभिनय फसतो. डोरियन त्याच रात्री तिला कठोर शब्दांत झिडकारतो आणि ती आपले जीवन संपवते.

सेलिब्रिटी संस्कृतीचे सारे निदान या एका प्रसंगात सामावलेले आहे. डोरियनचे प्रेम नायिकांवर होते, त्या भूमिका करणाऱ्या गरीब मुलीवर कधीच नव्हते. ती मूर्ती होती तोवर पूज्य होती. माणूस झाली आणि टाकाऊ ठरली.

अमेरिकन लेखक स्कॉट फिट्झजेराल्डची 'द ग्रेट गॅट्सबी' (१९२५) हाच विषय धनाढ्यांच्या वस्तीत नेते. गरिबीतून वर आलेल्या जे गॅट्सबीने पाच वर्षे डेझी नावाच्या एका स्त्रीची प्रतिमा हृदयात जपलेली असते. ती आता दुसऱ्याची पत्नी आहे. तिच्या घरासमोरच्या किनाऱ्यावर तो प्रासाद घेतो आणि खाडीपलीकडच्या तिच्या धक्क्यावरील हिरव्या दिव्याकडे रात्री टक लावून पाहतो. अखेर भेट होते. तेव्हा पतीवर आपण कधीच प्रेम केले नाही, एवढे तिने म्हणावे, असा त्याचा हट्ट असतो. तिला ते म्हणवत नाही, कारण ते सत्य नसते. म्हणजे आराध्य देवतेला स्वतःचा भूतकाळ असण्याचाही अधिकार नाही! तिच्या हातून घडलेल्या अपघाती मृत्यूचा दोष गॅट्सबी स्वतःवर घेतो आणि त्यातच त्याचा अंत होतो. ज्याच्या मेजवान्यांना शेकडो लोक लोटत, त्याच्या अंत्यविधीला बोटांवर मोजण्याइतकी माणसे येतात. डेझी एक फूलही पाठवत नाही.

जिवंत माणसाची देवी

ही उदाहरणे पाश्चात्त्य आहेत, आपल्याकडे असे नाही, असे कुणी म्हणेल. त्याचे उत्तर वंगभूमीत आहे. प्रभातकुमार मुखोपाध्याय यांच्या 'देवी' या कथेवर सत्यजित राय यांनी १९६० साली त्याच नावाचा चित्रपट केला. कालीचे निस्सीम उपासक असलेल्या एका वृद्ध जमीनदाराला स्वप्न पडते की आपली धाकटी सून दयामयी ही साक्षात देवीचा अवतार आहे. सासरा सुनेच्या पायांवर डोके ठेवतो. तिला आसनावर बसवले जाते, आरत्या होतात. योगायोगाने एक आजारी बालक बरे होते आणि दूरदूरहून माणसांची रांग लागते.

कोलकात्याहून परतलेला पती तिला रात्री गुपचूप घेऊन जाऊ पाहतो. नदीकाठी येऊन ती थबकते. 'मी खरोखरच देवी असले तर?' ही शंका आता तिच्याच मनात शिरलेली असते. पुढे घरातला लाडका पुतण्या आजारी पडतो. वैद्याऐवजी त्याला 'देवी'च्या मांडीवर ठेवले जाते. बालक दगावते आणि दयामयीची बुद्धी भ्रमते.

या कथेत दुष्ट कुणीच नाही. सासऱ्याची भक्ती ढोंगी नाही, लोकांची व्याकुळताही खरी आहे. तरीही एक बालक गेले आणि एक तरुण स्त्री उद्ध्वस्त झाली. मातीच्या मूर्तीला भक्तीचा भार सोसतो. हाडामांसाच्या माणसाला तो सोसत नाही, हा या कथेचा इशारा आहे. भक्तीच्या परंपरेत वाढलेल्या समाजाने तर तो अधिकच गांभीर्याने ऐकला पाहिजे.

फुले आणि दगड

कादंबरीतून आता जीवनाकडे वळावे. पियानोवादक फ्रान्झ लिस्ट याच्या मैफलींत युरोपातील प्रतिष्ठित स्त्रिया त्याचे हातमोजे आणि रुमाल मिळवण्यासाठी झोंबत. कवी हाइनने १८४४ साली त्या वेडाला 'लिस्टोमेनिया' असे नाव दिले. म्हणजे ही विकृती आजच्या भ्रमणध्वनीने जन्माला घातलेली नाही, भ्रमणध्वनीने तिला केवळ वेग दिला. मूकपटांचा नायक रुडॉल्फ व्हॅलेंटिनो २३ ऑगस्ट १९२६ रोजी वयाच्या अवघ्या ३१व्या वर्षी न्यूयॉर्कमध्ये निवर्तला, तेव्हा अंत्यदर्शनाच्या गर्दीत काचा फुटल्या, माणसे घायाळ झाली.

याहून भीषण घटना ८ डिसेंबर १९८० रोजी घडली. 'बीटल्स'मधील जॉन लेनन या गायकाकडून एका पंचवीस वर्षांच्या चाहत्याने दुपारी ध्वनिमुद्रिकेवर स्वाक्षरी घेतली आणि त्याच रात्री त्याच घराच्या दारात त्याला गोळ्या घातल्या. पोलीस येईपर्यंत तो शांतपणे एक कादंबरी वाचत होता. ती जे. डी. सॅलिंजर यांची 'द कॅचर इन द राय' (१९५१) होती. तिच्यातला कोवळ्या वयाचा नायक जगाच्या खोटेपणाला विटलेला आहे. आपला आदर्श खोटा निघाला, असे ठरवून त्या चाहत्याने त्याचे 'विसर्जन' केले! दैवदुर्विलास असा की सॅलिंजर स्वतः प्रसिद्धीला इतके कंटाळले होते की १९६५ नंतर २०१० मधील मृत्यूपर्यंत त्यांनी नवे काही प्रसिद्ध केले नाही आणि एका लहानशा गावात ते जनांपासून दूर राहिले.

ब्रिटनच्या डायनाचा ३१ ऑगस्ट १९९७ रोजी पॅरिसमध्ये झालेला मृत्यूही सर्वांना आठवत असेल. २००८ साली ब्रिटनमधील चौकशीत ज्यूरींनी तिच्या गाडीच्या चालकाबरोबरच पाठलाग करणाऱ्या वाहनांच्या बेदरकारपणावरही ठपका ठेवला. छायाचित्रकार पाठलाग करत होते, कारण ती छायाचित्रे विकली जात होती. ती विकली जात होती, कारण लाखो घरांत ती चवीने पाहिली जात होती. तिच्या मृत्यूनंतर फुलांचे ढीग रचणाऱ्यांत ती छायाचित्रे विकत घेणारे हातही होतेच.

भारतात या उन्मादाला क्रिकेट आणि चित्रपट असे दोन प्रवाह आहेत. 'कुली' चित्रपटाच्या चित्रीकरणात २६ जुलै १९८२ रोजी अमिताभ बच्चन जबर जखमी झाले, तेव्हा देशभर लोकांनी नवस बोलले, उपवास केले. त्यात निर्मळ माया होती. परंतु १३ मार्च १९९६ रोजी कोलकात्याच्या ईडन गार्डन्सवर विश्वचषकाच्या उपांत्य सामन्यात भारताचे आठ गडी १२० धावांत बाद होताच तेच प्रेक्षक मैदानात बाटल्या फेकू लागले, आसने पेटवू लागले. सामना थांबवून श्रीलंकेला विजयी घोषित करावे लागले. १७ मार्च २००७ रोजी बांगलादेशकडून पराभव झाल्यावर रांचीत महेंद्रसिंह धोनी याच्या बांधकाम चालू असलेल्या घराची मोडतोड झाली. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये त्याच्या नेतृत्वाखाली भारताने पहिला टी-ट्वेंटी विश्वचषक जिंकला आणि त्याच धोनीवर फुलांचा वर्षाव झाला.

माणूस तोच होता. फुले आणि दगड हे एकाच उन्मादाचे दोन हात आहेत. ज्याला देव केले, त्याला चुकण्याची मुभा राहत नाही. आणि न चुकणारा माणूस जगात नाही.

एकतर्फी नाते आणि त्याचा बाजार

डोनल्ड हॉर्टन आणि रिचर्ड वोल या दोन अमेरिकन अभ्यासकांनी १९५६ साली या नात्याला 'पॅरासोशल' अशी संज्ञा दिली. दूरचित्रवाणीवरचा निवेदक थेट डोळ्यांत पाहून बोलतो, रोज ठरल्या वेळी घरी येतो, आणि प्रेक्षकाला वाटते की तो आपल्या ओळखीचा आहे. नाते खरे वाटते, पण ते एकतर्फी असते. तेव्हा तो निवेदक दिवसातून अर्धा तास येई. आज भ्रमणध्वनीच्या पडद्यावर नट-नट्यांचे स्वयंपाकघर, त्यांची मुले, त्यांचे आजारपण, सारे दिवसभर समोर असते. चुलतभावाच्या घरी काय चालले आहे हे ठाऊक नसते, परंतु एखाद्या नटीच्या बाळाचे नाव तोंडपाठ असते.

या एकतर्फी नात्यावर मोठा व्यापार उभा आहे. जाहिरातदाराला विचारपूर्वक खरेदी करणारा ग्राहक नको असतो, 'आपल्या' नायकाने हाती घेतले म्हणून घेणारा भक्त हवा असतो. पहिल्या दिवशीचा पहिला खेळ, उंच कटआउट, त्यावर दुधाचा अभिषेक, हे सारे भाबडेपणाने करणारे तरुण बहुधा सामान्य घरांतले असतात. त्यांचा वेळ, पैसा आणि कधी प्राणही जातो. हाती येते ती केवळ छाया.

मूर्ती झालेल्यालाही किंमत मोजावी लागते. मराठी रंगभूमीने बालगंधर्वांवर जेवढे प्रेम केले, तेवढे क्वचितच कुणावर केले असेल. त्यांची साडी नेसण्याची तऱ्हा घरंदाज स्त्रिया उचलत. १२ मार्च १९११ रोजी 'संगीत मानापमान'चा पहिला प्रयोग होता आणि त्याच दिवशी त्यांची कन्या निवर्तली. तरीही प्रयोग झाला. 'रसिक मायबाप' थांबलेले होते. ही कथा मराठी घरांत कलानिष्ठेचा आदर्श म्हणून सांगितली जाते आणि ती तशी आहेही. पण त्या रात्री पडदा पडल्यावर घरी परतलेल्या पित्याचे काय, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. दैवतालाही घर असते, याचे भान रसिकांना ठेवावे लागते.

आदर आणि शरणागती

मग कुणाविषयी आदर बाळगूच नये काय? या प्रश्नाचे नेमके उत्तर पुण्यातच दिले गेले आहे. न्यायमूर्ती रानडे यांच्या १०१व्या जयंतीनिमित्त १८ जानेवारी १९४३ रोजी गोखले स्मारक सभागृहात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे भाषण झाले. त्यात त्यांनी विभूतिपूजेचे दोन प्रकार सांगितले. थोर पुरुषाच्या ठायी असलेल्या उदात्ततेविषयी मनापासून आदर वाटणे हा एक प्रकार. त्याने माणसाची विचारशक्ती आणि स्वातंत्र्य हिरावले जात नाही. त्याची आज्ञा डोळे मिटून मानणे हा दुसरा. तो माणसाला हीन बनवतो. पुढे २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत त्यांनी हाच इशारा राजकारणाच्या संदर्भात दिला. धर्मात भक्ती मोक्षाकडे नेत असेल, परंतु राजकारणातील भक्ती अधःपतनाकडे आणि अंती हुकूमशाहीकडे नेते, असा त्याचा आशय होता.

हा इशारा सर्वांनाच लागू आहे. तो केवळ प्रतिपक्षाच्या नेत्यांसाठी राखून ठेवला तर त्याचा काही उपयोग नाही. आपल्याला प्रिय असलेल्या व्यक्तीविषयी तो आठवणे हीच खरी कसोटी.

घरातून प्रारंभ

ही कसोटी घराघरांत लावता येण्याजोगी आहे. एखादा मुलगा सचिन तेंडुलकरचे चित्र भिंतीवर लावतो आणि पहाटे उठून नेटमध्ये सरावाला जातो. दुसरा तेच चित्र लावतो आणि अभ्यास सोडून दिवसभर त्याच्यावरून समाजमाध्यमांवर भांडतो. चित्र एकच आहे. पहिल्याच्या घरी ते प्रेरणा झाले, दुसऱ्याच्या घरी व्यसन. पालकांनी भिंतीवरचे चित्र फाडण्याचे कारण नाही. चित्रासमोर बसून मूल काय करते आहे, एवढे पाहावे.

तीन प्रश्न घरात मोकळेपणाने विचारले जावेत. या आदराने आपल्या हातून काही चांगले काम घडते काय? त्या व्यक्तीची चूक दिसली तर ती चूक म्हणण्याचे धैर्य आपल्यात आहे काय? आणि ती व्यक्ती उद्या हरली, म्हातारी झाली, विस्मृतीत गेली, तरी तिच्याविषयी माणूस म्हणून आपुलकी उरेल काय? तिन्हींची उत्तरे होकारार्थी असतील तर तो आदर निरोगी आहे. एकही उत्तर अडखळले तर सावध व्हावे.

याखेरीज, मुलांच्या हाती चांगल्या कादंबऱ्या द्याव्यात. क्विक्झोट वाचूनच भ्रमिष्ट झाला हे खरे. पण त्याची कथा वाचणारा शहाणा होतो, हेही खरे. कादंबरीच्या अखेरीस मृत्युशय्येवर क्विक्झोट भानावर येतो आणि आपले खरे, साधे नाव सांगतो, 'अलोन्सो किहानो, सज्जन माणूस.' सगळे सोंग उतरल्यावर त्याला आपले नाव गवसले. गर्दीत दुसऱ्याच्या नावाचा जयघोष करणाऱ्या प्रत्येक तरुणालाही स्वतःचे एक नाव आहे, आणि घरी त्याची वाट पाहणारी माणसे आहेत. करूरच्या, बंगळुरूच्या, हैदराबादच्या त्या घरांना ही गोष्ट आता कुणी सांगण्याची गरज उरलेली नाही. ती इतर घरांनी वेळीच ऐकावी.